भिंतीसारखा खेळणाऱ्याला हरवायचं कसं? बुद्धिबळातल्या बचावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत, क्लबात किंवा रात्री फोनवर खेळणाऱ्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: "समोरचा काही करतच नाही हो, नुसता बसून राहतो. आणि मी हरतो." त्यातलेच नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं साधारण १२०० ते १८०० रेटिंगच्या (खेळाच्या ताकदीचा आकडा) खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

बचावात्मक खेळाडू म्हणायचं तरी कोणाला?

माझ्या हिशेबानं त्यांच्या तीन जाती आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

पहिला भित्रा. दिसेल ते मोहरं मारून मोकळा होतो, पट रिकामा झाला की त्याला हायसं वाटतं. दुसरा तटबंदीवाला. प्यादी तिसऱ्या रांगेपलीकडे सहसा नेत नाही, मोहरी मागे एकमेकांच्या आधाराला लावून ठेवतो आणि "या, फोडा" म्हणतो. तिसरा खरा बचावपटू. तुमच्या डोक्यात धमकी यायच्या आधीच त्यानं ती पाहिलेली असते. हा दुर्मिळ असतो. आपण ज्यांना "फार डिफेन्सिव्ह" म्हणतो ते बहुतेक पहिल्या दोन जातींतले.

तिसऱ्या जातीचा शिरोमणी टिग्रान पेट्रोस्यान, १९६३ ते १९६९ जगज्जेता. १९५३ च्या झ्युरिक स्पर्धेत रेशेव्स्कीविरुद्ध त्याची स्थिती अडचणीची होती. गोऱ्याची, म्हणजे पांढरी मोहरी घेतलेल्या रेशेव्स्कीची, मधली प्यादी पुढे सरकणार हे दिसत होतं. २५व्या चालीला त्यानं आपला हत्ती ई६ या घरावर (अक्षर उभ्या फाइलचं, आकडा आडव्या रांगेचा) नेऊन ठेवला, सरळ उंटाच्या तोंडात. घ्या म्हणाला. हत्तीनं प्याद्याची वाट अडवली आणि मागून घोडा ई७ वरून डी५ ला जाऊन बसला, तो कोणाला हलवता येईना. डाव बरोबरीत सुटला. बचाव म्हणजे घाबरणं नव्हे, हे एवढ्यावरून कळावं.

हल्ला मी करतो, मोहरी माझी पुढे असतात, तरी हरतो मीच. असं का?

कारण हल्ल्याची तुम्हाला घाई असते आणि त्याला कसलीच घाई नसते.

माझाच एक डाव सांगतो. मंगल कार्यालयातली रॅपिड स्पर्धा, चौथी फेरी, वरती पंखे गरगरतायत. समोर साठी उलटलेले एक काका, शेजारी चहाचा थर्मास. काकांनी काळ्या मोहऱ्यांनी पहिल्या दहा चालींत ए६, डी६, ई६, एच६ एवढंच केलं. दर चालीनंतर चष्मा नाकावर नीट बसवायचे आणि घड्याळ दाबायचे. मला वाटलं, हे काय खेळणं झालं. मी जी४ ढकललं, एच४ ढकललं, आणि अठराव्या चालीला उंट थेट एच६ वर मारला. हॉलमधले दोघंतिघं येऊन उभे राहिले, त्यामुळे मला आणखी चेव आला. काकांनी उंट घेतला, राजा एच८ ला नेला, हत्ती जी८ वर आणला. मग माझ्या लक्षात आलं की 'जी' ही फाइल मीच उघडून दिलीय आणि माझा राजा जी१ वरच बसलाय. पुढच्या बारा चालींत काकांचे दोन्ही हत्ती त्याच वाटेनं माझ्या घरात आले. डाव संपल्यावर त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही आला नसतात तर मला काय करावं ते सुचलंच नसतं."

त्या चहाइतकं चांगलं शिक्षण मला कुठल्या शिबिरात मिळालेलं नाही. बसून राहणाऱ्याला स्वतःची योजना नसते. ती आपण त्याला आयती नेऊन देतो. हल्ल्यासाठी ढकललेलं प्रत्येक प्यादं मागे एक घर कायमचं मोकळं सोडून जातं, आणि तो नेमकी त्याचीच वाट पाहत असतो.

मग करायचं काय? मीही बसून राहू?

नाही. त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी राखण करायला लावा. एका दुबळ्या जागेचं रक्षण कोणीही करतो. चार मोहरी तिच्याभोवती गोळा केली की झालं. पण दुसरी जागा पटाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तीच चार मोहरी तिथे वेळेवर पोचत नाहीत. तुमच्याकडे जागा जास्त असते, त्यामुळे तुमची मोहरी इकडून तिकडे लवकर जातात आणि त्याची एकमेकांच्या पायात येतात.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर पेट्रोस्यानचाच एक हरलेला डाव घ्या. ब्यूनोस आयर्स, १९७१, कँडिडेट्सचा (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचा) अंतिम सामना, सातवा डाव. पांढरी मोहरी बॉबी फिशरकडे. वजीर लवकरच मारले गेले होते. काळ्याची ए६ आणि डी५ ही प्यादी एकएकटी पडलेली, त्यांना शेजारच्या प्याद्याचा आधार नाही. या झाल्या दोन जागा. फिशरचा घोडा सी५ वर, पटावरचं सगळ्यात देखणं मोहरं. पेट्रोस्याननं आपला मागच्या रांगेतला उंट डी७ वर आणला. तिथून बी५ ला जाऊन तो गोऱ्याच्या चांगल्या उंटाशी अदलाबदल करणार होता.

२२व्या चालीला फिशरनं तो देखणा घोडा दिला आणि हा मरगळलेला उंट मारला. असा घोडा कोणी देतं का? पण तो उंटच तर काळ्याचा डोलारा सांभाळत होता. तो गेल्यावर फिशरचा हत्ती सी फाइलवरून सातव्या रांगेत घुसला.

आणि आता खरी मजा. पुढच्या चालींत फिशरनं एक हत्ती मागे घेतला, एफ प्यादं पुढे केलं, राजा एफ२, एफ३, ई३ असा शांतपणे चालवत नेला. धमकी अशी कुठलीच नाही. उलट पेट्रोस्यानच्या २५ ते २८ या चाली बघा: जी६, एच५, एच४, एफ५. सलग चार वेळा प्यादंच! मोहरं हलवावं तर ए६ जातं नाहीतर डी५ जातं, म्हणून जगातल्या सर्वोत्तम बचावपटूला स्वतःच्या राजापुढची प्यादी ढकलावी लागली. ३१व्या चालीला फिशरचा दुसरा हत्तीही सातव्या रांगेत आला आणि ३४व्या चालीला काळ्यानं डाव सोडला. सामना फिशरनं ६.५–२.५ असा जिंकला.

हा डाव पटावर मांडून खेळून बघा. फोनवर बोटानं सरकवत नको.

दुसरी दुबळी जागा नसेलच तर?

तयार करावी लागते, आणि हत्यार बहुतेक वेळा कडेचं प्यादं असतं. त्यानं जी६ केलं असेल तर तुमचं एच प्यादं सावकाश एच४–एच५ असं नेऊन तिथे टेकवा. मात करण्यासाठी नव्हे. त्यानं ते मारलं तर त्याची साखळी तुटते, न मारलं तर त्याला एक मोहरं त्या बाजूला कायम बांधून ठेवावं लागतं. वजिराच्या बाजूला हेच काम बी प्यादं करतं: क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारात बी४–बी५ ढकलून काळ्याला सी६ वर दुबळं प्यादं पत्करायला लावणं ही जुनी आणि खात्रीची रीत.

समोरासमोर आलेली प्यादी मारून टाकावीत की तशीच ठेवावीत?

कारण नसेल तर ठेवावीत. दोन प्यादी भिडलेली असतात तोवर दर चालीला त्याला तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तुम्ही माराल का, पुढे ढकलाल का, का आहे तसंच ठेवाल. तुम्ही मारलंत की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. भित्र्या खेळाडूला सगळ्यात जास्त त्रास या लोंबकळण्याचा होतो. बरेचदा कंटाळून तोच मारतो, आणि चुकीच्या वेळी मारतो.

तो दिसेल ती अदलाबदल करतो. मी टाळत राहू का?

सरसकट टाळलीत तर तुमचीच मोहरी मागे मागे जातील. मोजायचं असतं ते काय मारलं गेलं यापेक्षा पटावर काय उरलं. अदलाबदलीनंतर तुमच्याकडे चांगला उंट आणि त्याच्याकडे स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला उंट उरत असेल तर आनंदानं करा. त्याच्याकडे जागा कमी असेल तर मात्र हात आवरा. अरुंद खोलीतली दोन माणसं बाहेर गेली की उरलेल्यांना ऐसपैस वाटतं, तसंच त्याचं होतं.

विरुद्ध रंगांचे उंट उरले तर सावध. हत्ती-वजीर पटावर असतील तर असे उंट हल्ला करणाऱ्याला मदत करतात. बाकी सगळं गेलं की मात्र एखादं प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत जातो.

त्याची तटबंदी फोडायला एखादं मोहरं द्यावं का?

त्याचा राजा उघडा पडणार असेल आणि तुमची किमान तीन मोहरी तिथे पोचत असतील तर द्या. काकांविरुद्धच्या डावात माझी दोनच होती.

फ्रेंच एक्स्चेंज, लंडन, स्टोनवॉल... या "झोपाळू" ओपनिंगना (डावाच्या ठरावीक सुरुवातींना) उत्तर काय?

फ्रेंच एक्स्चेंजमध्ये गोरा तिसऱ्या चालीला डी५ वर मारून पट आरशासारखा करून टाकतो. काळ्यानं त्याची नक्कल करत बसू नये. राजाकडचा घोडा एफ६ ऐवजी ई७ वर, उंट डी६ आणि जी४ वर, वजीर डी७ वर आणि मोठं कॅसलिंग (राजा वजिराच्या बाजूला नेणं). राजे दोन बाजूंना गेले की शांततेचा करार आपोआप मोडतो. धोका तुम्हालाही आहे, पण बरोबरीला कंटाळूनच तर इथवर आलात ना?

लंडनमध्ये गोऱ्याचा काळ्या घरांचा उंट लवकर बाहेर पडतो, त्यामुळे बी२ चं प्यादं उघडं राहतं. सी५ आणि मागोमाग वजीर बी६ ही जोडी त्याला चौथ्या-पाचव्या चालीपासूनच विचार करायला लावते.

स्टोनवॉलमध्ये काळ्याची प्यादी सी६, डी५, ई६, एफ५ अशी दगडासारखी बसतात. दगड मजबूत असतो, पण हलत नाही. ई५ चं घर गोऱ्याला कायमचं मिळतं. तिथे घोडा बसवा आणि काळ्या घरांचा उंट बी३ करून ए३ वर आणा, म्हणजे त्या घरांची राखण करणारा काळ्याचा उंट मारता येतो. जाणकार काळा यासाठीच वजीर आधीच ई७ वर आणून ठेवतो. तसा दिसला तर समजा, गडी अभ्यास करून आलाय.

हेजहॉगविरुद्ध माझं डोकंच चालत नाही.

भल्याभल्यांचं चालत नाही. काळ्याची प्यादी ए६, बी६, डी६, ई६ वर, साळिंदरासारखी काटे उभारून. तुमची सी४ आणि ई४ वर. जागा तुमच्याकडे भरपूर, आणि तीच फसवते. काळा बी५ किंवा डी५ या दोनच चालींची वाट बघत असतो. त्यातली एक नीट बसली की त्याची दबलेली सगळी मोहरी एकदम उसळतात.

प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारा: आता बी५ चालतं का? डी५ चालतं का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तोवर तुम्ही बरे आहात. जी४ ढकलून धडक मारायची उबळ आली तर पाणी पिऊन या.

तो एच६, हत्ती ई८, हत्ती एफ८ असं नुसतं आत-बाहेर करतो. अशा वेळी काय?

त्याच्याकडे अशा फुकटच्या चाली आहेत तोवर तो सुखात आहे. त्या संपवा. १९३० साली सान रेमोला अलेखाइननं निम्झोविचच्या फ्रेंच बचावाविरुद्ध हेच केलं. सी फाइलवर पुढे दोन हत्ती, मागे वजीर, अशी तिहेरी तोफ लावली. काळ्याची सगळी मोहरी त्या एका फाइलच्या राखणीत अडकली. ३०व्या चालीला अलेखाइननं एच४ असं साधं प्यादं सरकवलं आणि निम्झोविचनं डाव सोडला. मोहरं हलवलं तर काहीतरी गमवावं लागणार, आणि हलवायला उरलेली प्याद्यांची एकदोन पावलं संपली की मोहरं हलवणं भागच होतं. याला झुगझ्वांग म्हणतात. बसून राहणाऱ्याला "आता तुझी पाळी" हेच सगळ्यात महागात पडतं.

वजीर गेले की मला बरोबरीच दिसते. शेवटपर्यंत ओढण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तोही तुमच्या पातळीवर सगळ्यात जास्त. २०१३ साली चेन्नईत जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसननं आनंदविरुद्ध पाचवा आणि सहावा डाव असेच जिंकले: वजीर नसलेली, कोणीही बरोबरी म्हणेल अशी स्थिती, आणि तासन्‌तास छोटे छोटे प्रश्न. सहावा तर हत्तींचा शेवट होता, जिथे बरोबरी व्हायचीच असं आपण धरून चालतो. २०२१ मध्ये दुबईला नेपोम्नियाचीविरुद्ध पहिले पाच डाव बरोबरीत गेले. सहावा कार्लसननं १३६ चालींत जिंकला. जागतिक विजेतेपदाच्या लढतीतला तो सर्वांत लांब डाव. त्यानंतर नेपोम्नियाचीनं आठवा, नववा आणि अकरावा हे डावही गमावले.

पण उलट उदाहरणही सांगायला हवं. २००० साली लंडनला जगज्जेता कास्पारोव्ह क्राम्निकची बर्लिन भिंत (काळ्याचा एक बचाव, ज्यात वजीर लवकर मारले जातात) फोडायला पुनःपुन्हा गेला. पंधरा डावांत त्याला एकही विजय मिळाला नाही आणि विजेतेपद गेलं. आज अनेक जण गोऱ्याकडून चौथ्या चालीला डी३ खेळून ती वजिरांशिवायची स्थितीच टाळतात. एकच भिंत सारखी अडवत असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जायला लाजू नये.

तो दर पाच चालींनी बरोबरी विचारतो. हे चालतं?

विचारण्याची पद्धत ठरलेली आहे: पटावर चाल करायची, प्रस्ताव ठेवायचा, मग घड्याळ दाबायचं. सारखं विचारून त्रास देणं नियमात बसत नाही. घड्याळ थांबवा आणि आर्बिटरला (पंचाला) बोलवा, त्यात भांडण काही नाही. स्पर्धेच्या पत्रकात अमुक चालींआधी बरोबरी मान्य नाही अशी अट असेल तर ती आधीच वाचून ठेवा. सोफियाच्या स्पर्धेत २००५ साली आपसातल्या बरोबरीलाच बंदी घातली, तेव्हापासून असे नियम बऱ्याच ठिकाणी आले.

५० चालींचा नियम मध्ये येईल का?

दोघांच्या मिळून नव्हे, प्रत्येकाच्या ५० चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी मागता येते. ७५ झाल्या तर आर्बिटर स्वतः देतो. म्हणून प्याद्यांच्या चाली काटकसरीनं वापरा. एक ढकललंत की मोजणी शून्यावर. मात्र तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ देऊ नका. घड्याळात वेळ मिळवायला एकदा तीच चाल परत खेळणं ठीक, दुसऱ्यांदा नाही.

वेळ माझाच संपतो. तो पटापट खेळतो.

साहजिक आहे, त्याला शोधायचं काही नसतं. दहा मिनिटांच्या डावात सगळी मिनिटं पंधराव्या चालीपाशी हल्ला शोधण्यात घालवू नका. निम्मा वेळ शेवटासाठी ठेवा. त्याला खरे निर्णय घ्यावे लागतात ते तिथेच, आणि तेव्हा त्याचा पटापटपणा संपतो.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. खालच्या रेटिंगवाल्यांशी बरोबरी झाली की रडते. काय सांगू?

आधी आकडा सांगा. २०० गुणांनी कमी असलेल्या खेळाडूविरुद्ध अपेक्षित गुण ०.७६ धरले जातात, म्हणजे बरोबरीत (अर्धा गुण) ०.२६ कमी पडले. लहान मुलांचा गुणक (या तुटीला ज्यानं गुणतात तो आकडा) ४०, त्यामुळे रेटिंगचे गेले साधारण दहा गुण. पुढच्या स्पर्धेत भरून निघतील. ती बरोबरी टाळायला तिनं वेडंवाकडं मोहरं दिलं आणि हरली, तर तीस जातात.

आणि हेही सांगा की २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत, बाटुमीला, नागपूरच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीतच सुटले होते. दिव्या विजेती ठरली टायब्रेकच्या (बरोबरी फोडण्यासाठीच्या) रॅपिडमध्ये.

याचा सराव एकट्यानं कसा करायचा?

आठवडाभर स्वतः भिंत व्हा. कॉम्प्युटरला पांढरी मोहरी द्या, आपण हेजहॉग लावून बसा आणि चाळीस चाली जगून दाखवा. कुठली चाल आली की आपल्याला गुदमरायला होतं ते एका वहीत टिपून ठेवा. माझ्या वहीत सगळ्यात वर लिहिलंय: "गोऱ्यानं काहीच केलं नाही, फक्त राजा एच१ ला नेला." तेव्हा मला कळेचना की आता मी काय हलवू.